तळ्याकाठची सहल : आधी तळे, मग पाहुणा

सहलीस निघालेल्या माणसाची पावले पाण्याकडे वळतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली वनभोजन करण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आणि अशा भोजनासाठी जागा निवडताना जवळ विहीर, ओढा किंवा तळे आहे की नाही हे आधी पाहिले जाते. आज मुंबई-पुण्याकडील कुटुंबे त्याच ओढीने महाड व पोलादपूर तालुक्यांकडे येऊ लागली आहेत. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. वीर येथे कोकण रेल्वेचे स्थानक आहे. पुण्याहून भोरमार्गे वरंध घाट उतरला किंवा महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरला, की प्रवासी याच भागात येतो. रायगड किल्ला, शिवथरघळ, गांधारपाले येथील लेणी आणि तानाजी मालुसरे यांचे उमरठ ही स्थळे पाहून झाल्यावर जवळपास एखादे शांत तळे आहे काय, अशी तो विचारणा करतो. ज्या शेतकऱ्याचे शेत अशा तळ्याला, पाझर तलावाला किंवा लहान धरणाच्या पाण्याला लागून आहे, त्याच्या मनात साहजिकच विचार येतो की, या पाहुण्याची एक दिवसाची सोय करून चार पैसे का मिळवू नयेत?

ते त्याने अवश्य मिळवावेत. शेतीला जोडधंदा हवा, हे आता कोणास पटवून देण्याची गरज उरलेली नाही. तथापि या जोडधंद्याची आखणी बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. पाहुण्याला सुटी केव्हा आहे, त्याला खोली कशी हवी, नाव हवी की पोहण्याची सोय हवी, येथून विचारास आरंभ होतो. शेतीच्या कामाचे काय, हा प्रश्न त्यानंतर येतो. आणि तळ्याचे काय, हे तर पाणी बिघडल्यावरच सुचते. हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी तळे, मग शेतीचे पंचांग आणि शेवटी पाहुणा, या क्रमाने सहलीची आखणी झाली तर तिच्यातून घराला आधार मिळेल. तसे न झाले तर शेतकऱ्याच्या हाती काही काळ थोडा पैसा येईल. परंतु वाडीचे पाणी मात्र कायमचे हातचे जाईल.

तीन हजार मिलिमीटरांचा प्रदेश आणि रिकामा हंडा

महाड व पोलादपूर या तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात पाण्याची चिंता कशाला, असे बाहेरच्या माणसास वाटते. परंतु डोंगरमाथ्यावरील व उतारावरील कित्येक वाड्यांत चैत्र-वैशाखात स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर चालावे लागते आणि काही ठिकाणी टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. महाबळेश्वराच्या तेराशे मीटरांहून उंच पठारावर उगम पावणारी सावित्री नदी अल्प अंतरात बाणकोटच्या खाडीपर्यंत उतरते. सह्याद्रीचा उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि त्याखाली कठीण काळा पत्थर. त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पाऊस चार महिन्यांत येतो आणि उरलेले आठ महिने त्यातले जेवढे अडवले असेल तेवढेच हाती राहते. म्हणून या भागात लहानसे तळे हे शोभेचे स्थान नसून आठ महिन्यांची शिल्लक होय.

हे शहाणपण जुन्या लोकांना होते. रायगडावर गंगासागरासारखे तलाव व जागोजागी पाण्याची टाकी आहेत. भर पावसाच्या प्रदेशात असूनही गडावर पाणी साठवावेच लागले. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, आणि असलेल्या पाण्यावर विसंबून न राहता साठवणीची तजवीज करावी, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलेला आहे. गडाला जो नियम लागू तोच वाडीलाही लागू आहे. आजही रायगडाच्या परिसरातील कोथुर्डे धरणाचे पाणी महाड शहरास पिण्यासाठी दिले जाते. प्रवाशाला जे केवळ निळे पाणी दिसते, ते कोणाच्या तरी घरातल्या माठातले पाणी असते.

तळ्याचा काठ कोणाचा?

महाड तालुक्यात 'तळे' हा शब्द उच्चारताना चवदार तळ्याचे स्मरण होणारच. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन करावे लागले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि प्रतिपक्षाचा वहिवाटीचा दावा सिद्ध होत नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. ओंजळभर पाण्याच्या हक्काला न्यायालयाची मान्यता मिळेपर्यंत दहा वर्षे गेली.

ज्या तालुक्यात हा लढा झाला, तेथे तळ्याचा काठ पुन्हा कोणाला बंद होणार नाही, याची काळजी इतर कोठल्याही भागापेक्षा अधिक घेतली गेली पाहिजे. पूर्वी माणसाला जातीच्या नावाने अडवले जाई. आता तारेचे कुंपण आणि 'खाजगी जागा' असा फलक त्याला अडवतो. मुंबईस नोकरीला गेलेल्या कुटुंबांच्या जमिनी पडीक राहतात. तळ्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक चांगले येते. व्यवहार होतो, आणि ज्या पायवाटेने गुरे पाण्यावर जात, स्त्रिया धुणे घेऊन जात, मच्छीमार जाळे घेऊन उतरत, ती पायवाट एके दिवशी फाटकाआड जाते. विकणाऱ्याने आपली जमीन विकलेली असते, तळे विकलेले नसते. परंतु वाट गेली की तळे गेल्यासारखेच असते. यास्तव तळ्यालगतची जमीन विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना पाण्यावर जाणारी वाट दस्तात स्पष्ट नमूद करून खुली ठेवावी. जो शेतकरी स्वतः सहलीची सोय करू इच्छितो, त्यानेही काठ अडवू नये. पाझर तलाव किंवा लहान धरण हे बहुधा जिल्हा परिषदेच्या अथवा शासनाच्या एखाद्या विभागाच्या ताब्यात असते. मासेमारीचा हक्क पुष्कळदा सहकारी संस्थेकडे असतो. त्यांची संमती आणि ग्रामसभेचा ठराव असल्याखेरीज काठावर खांबसुद्धा रोवू नये.

पाहुणा पाणी संपवत नाही, बिघडवतो

पाहुणे आले तर तळ्याचे पाणी संपेल, अशी एक भीती गावात बोलून दाखवली जाते. हिशेब केला तर ती निराधार ठरते. एक हेक्टर पसरलेल्या तळ्यातून दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन होते असे धरले, तर सूर्य एका दिवसात ५० हजार लिटर पाणी उडवून नेतो. तीस पाहुण्यांनी दिवसभरात प्रत्येकी ४० लिटर पाणी वापरले तरी ते १,२०० लिटर होते. म्हणजे सूर्य एका दिवसात नेतो तेवढ्या पाण्यात तीस पाहुण्यांच्या एक्केचाळीस सहली होतील.

धोका आहे तो पाण्याच्या मात्रेला नव्हे, तर त्याच्या शुद्धतेला. काठावर साबण लावून आंघोळ करणे, भांडी घासणे, मोटारगाडी धुणे, उष्टे-खरकटे पाण्यात टाकणे आणि आडोशाला शौचास बसणे, या पाच गोष्टींनी लहान तळे एका हंगामात बिघडू शकते. साबणातील व अन्नातील पोषक द्रव्यांवर शेवाळ माजते. ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो. पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसू लागले तर ते याचेच लक्षण समजावे. मैल्यावाटे जुलाब, कावीळ यांसारखे रोग पसरतात. वाहते पाणी घाण पुढे तरी नेते; साठलेल्या तळ्यात ती जागच्या जागी राहते. पाहुणा रविवारी संध्याकाळी परत जातो. सोमवारी सकाळी तेच पाणी वाडी भरते. म्हणून सहलीच्या आखणीत पहिला खर्च खोलीवर किंवा नावेवर न करता शौचालयावर करावा, तेही तळ्याच्या व विहिरीच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून पुरेशा अंतरावर. हातपाय धुण्यासाठी काठापासून दूर पिंप व नळ ठेवावा आणि ते सांडपाणी परसातील केळी-नारळांना द्यावे.

आषाढ-श्रावण हा सहलीचा हंगाम नव्हे

आता पंचांगाचा विचार. शहरातील लोकांची धाव पावसाळ्यात अधिक असते. डोंगर हिरवे असतात, धबधबे कोसळत असतात. गिऱ्हाईक त्या दिवसांत येते, मग तेव्हाच दार बंद करून कसे चालेल, असा प्रश्न शेतकरी करील. त्याचे उत्तर या भागाच्या अलीकडच्या इतिहासातच आहे.

जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना पूल पुराने वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने नदीत पडली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहल महाबळेश्वरास जात असता पोलादपूर तालुक्यात आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. शेतकऱ्यांच्या सेवेतली ही माणसे एक दिवसाच्या विरंगुळ्यासाठी निघाली होती. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली आणि महाड शहर पुरात बुडाले. यांतील प्रत्येक घटनेची कारणे निराळी आहेत. परंतु तारखा एकाखाली एक मांडल्या तर चारही २२ जुलै ते २ ऑगस्ट या बारा दिवसांत येतात. ज्या दिवसांत दरड, पूर आणि घाटातील धुके यांचा भरवसा नसतो, त्या दिवसांत परगावच्या माणसास बायकामुलांसह बोलावणे हे आतिथ्य नव्हे.

दुसरे कारण शेतीचे आहे. जुलै महिना भाताच्या लावणीचा. रोप वेळेवर लावले गेले नाही तर फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. मजूर मिळत नाहीत. घरातील प्रत्येक हात चिखलात हवा असतो. त्याच वेळी घरी वीस पाहुण्यांची पंगत बसवायची झाली, तर शेत तरी मागे पडेल किंवा पंगत तरी. भात हे घरचे वर्षाचे अन्न आहे. ते सोडून सहलीमागे धावणे म्हणजे जोडधंद्यासाठी मूळ धंदा मोडणे होय. इटलीने १९८५ साली शेतघरांवरील पर्यटनासाठी कायदा केला, तेव्हा शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पर्यटन तिला पूरक असले पाहिजे, ही अट त्यात घातली. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणी करू इच्छिणाऱ्याने अटी वाचाव्यातच. परंतु आपली शेती चालू राहिली पाहिजे ही अट त्याने स्वतःच स्वतःवर घालून घ्यावी.

कार्तिक ते माघ : या भागाचा खरा हंगाम

भाताची कापणी आटोपली, की नोव्हेंबरच्या मध्यापासून चित्र पालटते. तळे सांडव्याच्या पातळीच्या आसपास भरलेले असते. गढूळपणा खाली बसून पाणी निवळलेले असते. रस्ते कोरडे, हवा थंड. बगळे, पाणकावळे, खंड्या काठावर सहज दिसतात. झोडणी झाली की घरच्या माणसांनाही थोडी उसंत मिळते. आणि भाताच्या खाचरात उरलेल्या ओलीवर पेरलेला कडवा वाल जानेवारीत शेंगांनी भरू लागतो. पाण्याचा, कामाचा आणि पिकाचा असा तिहेरी मेळ वर्षातून एकदाच जमतो.

या मेळातूनच रायगड जिल्ह्याची पोपटी जन्मास आली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, मीठ व ओवा. आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला गच्च दाबून मडके पालथे घालायचे आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवायच्या. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. शहरातील पाहुण्यासाठी वेगळे पक्वान्न शोधण्याची गरज नाही. जे त्याला शहरात पैसे देऊनही तसे मिळणार नाही, ते येथे शेताच्या बांधावर तयार आहे. शिवाय या जेवणाचा एक गुण तळ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. पोपटीत पाणी घालावे लागत नाही, ती पानांवर वाढता येते, आणि तेलकट भांड्यांचा ढीग काठावर घासावा लागत नाही. मात्र माघात गवत वाळलेले असते. म्हणून जाळ पेटवण्याआधी भोवतालची जागा साफ करावी, पाण्याचे पिंप भरून ठेवावे आणि निखारे विझवल्याखेरीज जागा सोडू नये. एका ठिणगीने वणवा लागला तर गुरांची वैरण आणि डोंगरउताराची झाडी दोन्ही जातात. आणि उघड्या पडलेल्या उताराची माती पुढच्या पावसात त्याच तळ्यात येऊन बसते.

दिवसाची आखणी साधी असावी. सकाळी पाहुणे आले की तांदळाची भाकरी किंवा नाचणीची आंबील, त्यानंतर बांधावरून फेरी, त्यात सांडवा कशासाठी, गाळ कोठून येतो, खाचराचे बांध कसे राखतात, हे घरच्या जाणत्या माणसाने सांगावे, मग वालाच्या शेंगांची तोडणी, दुपारी पोपटी, आणि उजेड असताना परतीचा प्रवास. घाटरस्ते लक्षात घेता रात्रीच्या प्रवासाची वेळ कोणावरही येऊ देऊ नये.

हिशेब आधी, बांधकाम मागाहून

तळ्याकाठी खोल्या बांधण्यासाठी कर्ज काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यापूर्वी एक हिशेब मांडून पाहावा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर पंधरा रविवार मिळतात. उदाहरणादाखल, दर रविवारी वीस पाहुणे आले आणि प्रत्येकाकडून ५०० रुपये मिळाले असे धरले, तर हंगामात ३०० पाहुण्यांचे दीड लाख रुपये होतात. निम्मा खर्च वजा जाता ७५ हजार रुपये उरतात. लहान खातेदाराच्या घराला ही रक्कम हातभार लावील; परंतु कर्जाचे हप्ते पंधरा रविवारांचे नसून बारा महिन्यांचे असतात. म्हणून निदान दोन हंगाम मांडवाखाली आणि घराच्या ओटीवर काम चालवून पाहावे. गिऱ्हाईक टिकते असे दिसल्यानंतरच बांधकामाचा विचार करावा, आणि तेही तळ्याच्या काठापासून दूर, डोंगरकड्याच्या पायथ्याशी न येणाऱ्या जागी.

टिकाऊ उत्पन्न पाहुण्याच्या जेवणापेक्षा त्याच्या पिशवीत आहे. प्रत्येकाने जाताना दोन किलो वाल नेला तरी तीनशे पाहुण्यांना ६०० किलो वाल लागेल. लहान खातेदाराच्या एका घरचा माल त्यास पुरणार नाही. तेव्हा शेजाऱ्याचा वाल, तांदूळ, नाचणी, वरी, आमसुले यांनाही दारातच भाव मिळेल. कोकण कृषी विद्यापीठाने वालाच्या सुधारित जाती दिल्या आहेत. त्यांचे बियाणे घेऊन, माल निवडून, कीड लागणार नाही असा वाळवून पिशव्यांत भरला तर पाहुणा पुढील वर्षी पत्र पाठवून किंवा फोन करून मागणी करील. अशा रीतीने सहल वर्षातून पंधरा दिवसच होते, पण तिने जोडलेले गिऱ्हाईक वर्षभर टिकते.

या हिशेबात आणखी एक रकाना असावा, तो बहुधा रिकामा सोडला जातो. वीस माणसांच्या स्वयंपाकाचे, झाडलोटीचे आणि पाणी भरण्याचे काम घरातील स्त्रिया करतात. लावणी-कापणीत त्यांचे श्रम आधीच झालेले असतात. पैसा मात्र घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती पडतो. स्त्रियांच्या बचतगटाकडे जेवणाचे काम रीतसर सोपवावे, दर ठरवावा आणि ती रक्कम गटाच्या खात्यात जमा करावी. वर्षानुवर्षे पाणी ज्यांनी डोक्यावरून आणले, तळ्याच्या नियमांची राखणही त्याच अधिक कसोशीने करतील.

शेततळ्याविषयी एक इशारा

ज्यांच्याजवळ गावतळे नाही पण स्वतःचे शेततळे आहे, त्यांनी विशेष सावध असावे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, १ : १ उताराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, त्याची खोली माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी अधिक असते. त्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर ओला उतार इतका निसरडा होतो की, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. अशा तळ्यात पाहुण्यांना उतरू देणे हे कोणत्याही परिस्थितीत गैर होय. भोवती कुंपण, चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर आणि हाताशी हवा भरलेल्या रबरी ट्यूब, एवढे तरी पाहुणे येवोत वा न येवोत, असलेच पाहिजे. कारण तेथे घरची मुलेही खेळतात. गाळ उपसलेल्या तलावांतही काठापासून दोन पावलांवर एकाएकी खोल खड्डा लागतो. आणि तळ्याऐवजी नदीत डुंबण्याचा हट्ट कोणी धरला, तर सावित्रीच्या पात्रात महाड परिसरात मगरींचा वावर आहे, हे त्यास स्पष्ट सांगावे.

ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगे नियम

वरील विवेचनाचा सार पुढील सात नियमांत सांगता येईल.

१. तळ्याच्या काठावरची जुनी वाट सर्वांसाठी खुली राहील. सहलीच्या दिवशीही गुरे, धुणे व मासेमारी यांस अडथळा होणार नाही.

२. पिण्याचे पाणी ज्या बाजूने घेतले जाते ती बाजू खुणा करून सहलीस वर्ज्य राहील.

३. पाण्यात साबण, खरकटे, वाहन व पोहणारा माणूस यांपैकी काहीही उतरणार नाही.

४. शौचालय तयार झाल्याखेरीज पहिला पाहुणा घेतला जाणार नाही.

५. जून ते ऑक्टोबर सहली बंद राहतील. तसेच मार्चपासून पाण्याची पातळी गावाने ठरवलेल्या खुणेखाली गेली की त्या वर्षापुरत्या सहली थांबतील.

६. एका दिवशी किती पाहुणे घ्यावयाचे, हे ग्रामसभा ठरवील. दोन घरांनी चढाओढीने संख्या वाढवू नये.

७. प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम तळ्याच्या निधीत जमा होईल आणि ती गाळ काढणे, बांधावरील झुडपे तोडणे व सांडव्याची दुरुस्ती यांवरच खर्च होईल.

यांतील सातवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. तळ्याच्या जोरावर पैसा मिळवायचा आणि गाळ काढण्याची वेळ आली की शासनाच्या योजनेची वाट पाहायची, ही रीत टिकणारी नाही. उन्हाळ्यात काढलेला गाळ खाचरात पसरला तर त्याने शेतही सुधारते. म्हणजे निधीतला रुपया दोन वेळा उपयोगी पडतो.

इतके नियम घातले तर पाहुणा येणार नाही, असे कोणी म्हणेल. ज्यास मद्य, गोंगाट आणि पाण्यात धिंगाणा हवा आहे, तो खरोखरच येणार नाही. आणि त्याचे न येणे हा तोटा नव्हे. परंतु मुलांना भात कोठे पिकतो, पाणी कसे अडते, शेंग कशी खुडतात, हे दाखवू इच्छिणारी कुटुंबे शहरांत पुष्कळ आहेत. अशा कुटुंबास नियमांचा जाच वाटत नाही. उलट स्वच्छ तळे पाहून ते पुढच्या वर्षी शेजाऱ्यासही घेऊन येते.

यंदाच्या पावसाळ्यानंतर महाड व पोलादपूर तालुक्यांतील ज्या वाड्यांजवळ लहानमोठे तळे आहे, त्यांनी दसऱ्यानंतरच्या एका ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा. त्या सभेत तळ्याचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराचे माणूस, विशेषतः स्त्रिया, हजर असाव्यात. पाहुण्यास बोलावण्याचा निर्णय एका घराने घ्यावयाचा नाही. कारण ज्या पाण्याच्या काठी तो बसणार, ते एका घराचे नाही. वैशाखात तळ्याचे पाणी वाडीला पुरले आणि स्वच्छ राहिले, तर माघातली सहल यशस्वी झाली असे समजावे. या उद्योगाची दुसरी कसोटी नाही.